कर्ज सरकारचे, भार कोणावर?

विशेष प्रतिनिधी

केंद्र सरकारच्या तिजोरीत येणाऱ्या प्रत्येक रुपयातील २४ पैसे उसने घेतलेले, आणि तिजोरीतून जाणाऱ्या प्रत्येक रुपयातील २० पैसे जुन्या कर्जाच्या व्याजाचे! २०२५-२६ च्या अर्थसंकल्पासोबत प्रसिद्ध झालेल्या 'रुपया कोठून येतो, कोठे जातो' या तक्त्याने मांडलेले हे चित्र होते. दरवर्षी फेब्रुवारीत अर्थसंकल्प सादर झाला, की नोकरदार मध्यमवर्ग प्राप्तिकराचे टप्पे पाहतो, गृहिणी काय महागले ते पाहतात आणि शेअर बाजार तुटीचा आकडा पाहतो. या तीन गोष्टी वेगवेगळ्या नाहीत, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. सरकारचे आजचे कर्ज म्हणजे पुढे ढकललेला कर असतो. तो कधीतरी, कोणत्या तरी रूपाने, कोणाकडून तरी वसूल होतोच. म्हणूनच 'कर्ज किती' या प्रश्नाइतकाच 'फेडणार कोण' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

तूट वेगळी, कर्ज वेगळे

सर्वप्रथम दोन संज्ञांमधील गोंधळ दूर करायला हवा. एका वर्षात सरकारच्या खर्चापेक्षा उत्पन्न जितके कमी पडते, ती त्या वर्षाची राजकोषीय तूट. अशा वर्षानुवर्षांच्या तुटी साचून जे उभे राहते ते कर्ज. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पी अंदाजांनुसार केंद्राचा एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये, तर कर्ज वगळता जमा ३४.९६ लाख कोटी रुपये होती. मधले १५.६९ लाख कोटी ही राजकोषीय तूट. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या, म्हणजेच जीडीपीच्या ४.४ टक्के. साचलेले कर्ज मात्र मार्च २०२६ अखेर जीडीपीच्या ५६.१ टक्के, म्हणजे ढोबळमानाने २०० लाख कोटी रुपयांच्या घरात असेल, असा अंदाज मांडण्यात आला होता.

त्या वर्षी व्याजापोटी १२.७६ लाख कोटी रुपयांची तरतूद होती. रस्ते, रेल्वे, संरक्षणसामग्री आदींच्या भांडवली खर्चाला मिळाले होते ११.२१ लाख कोटी. म्हणजे नव्या उभारणीपेक्षा जुन्या देण्याच्या व्याजालाच अधिक पैसा लागला. दुसऱ्या मापाने पाहायचे, तर सरकारच्या महसुली उत्पन्नातील दर शंभर रुपयांपैकी सुमारे ३७ रुपये व्याजातच गेले. शंभर रुपये पगारातले ३७ रुपये मुद्दल न फिटता केवळ व्याजात देणाऱ्या कुटुंबाची ओढाताण कशी होईल, याची कल्पना कोणालाही करता येईल.

या व्याजाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. राज्यघटनेच्या ११२ व्या अनुच्छेदानुसार व्याज हा एकत्रित निधीवरील 'भारित' खर्च आहे. लोकसभेत त्यावर चर्चा होऊ शकते. मतदान होऊ शकत नाही. शिक्षणाची किंवा आरोग्याची तरतूद कमी करण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींना आहे, व्याजाची तरतूद कमी करण्याचा नाही. त्यामुळे व्याजाचा वाटा जितका मोठा, तितके मतदाराने निवडून दिलेल्या सरकारच्या हातात उरलेले स्वातंत्र्य कमी.

आपणच ऋणको, आपणच धनको

सरकार कोणाकडून कर्ज घेते? परदेशी सावकारांकडून, असा एक समज असतो. १९९१ मध्ये परकी चलनाच्या टंचाईपायी देशाचे सोने बाहेर पाठवावे लागले, त्या आठवणीने तो अधिकच घट्ट झाला आहे. प्रत्यक्षात केंद्राचे बहुतांश कर्ज देशांतर्गत आणि रुपयांत आहे. बँका आणि विमा कंपन्या यांच्याकडेच सरकारी रोख्यांपैकी निम्म्याहून अधिक रोखे आहेत. भविष्य निर्वाह निधीचा पैसाही तेथे जातो आणि टपाल कार्यालयातील अल्पबचतही सरकारच वापरते. ज्याच्या नावे बँकेत ठेव आहे, विम्याची पॉलिसी आहे किंवा पगारातून निधी कापला जातो, तो प्रत्येकजण अप्रत्यक्षपणे सरकारचा धनको आहे. आणि करदाता या नात्याने तोच ऋणकोही आहे.

हे कर्ज एका खिशातून दुसऱ्या खिशात जाते, तेव्हा त्याची चिंता कशाला, असा युक्तिवाद त्यावर केला जातो. त्यात एक मोठी फट आहे. दोन्ही खिसे एकाच माणसाचे नसतात. ज्याच्याकडे बचत आहे त्याला व्याज मिळते. ज्याच्याकडे काहीच साठत नाही तो साबण, चप्पल आणि पेट्रोल खरेदी करताना कर भरतो, पण व्याजातला वाटा त्याला मिळत नाही. कर्जाचे व्याज जर मुख्यतः गरिबांवरही पडणाऱ्या करांतून भागवले गेले, तर पैसा खालून वर वाहू लागतो. सार्वजनिक कर्ज आणि करांतील न्याय हे दोन विषय येथे एक होतात.

कर्ज उतरते कसे?

सरकारे सहसा मुद्दल फेडून कर्जमुक्त होत नाहीत. जुने रोखे मुदत संपताच नवे काढून फेडले जातात. त्यामुळे उद्दिष्ट असते ते देशाच्या उत्पन्नाच्या तुलनेत कर्जाचा भार हलका करण्याचे. केंद्राने २०२५ मध्ये जाहीर केलेले लक्ष्यही तसेच आहे: मार्च २०३१ पर्यंत कर्ज जीडीपीच्या ५० टक्क्यांच्या आसपास, एक टक्का इकडे-तिकडे, आणायचे.

यामागचे गणित सोपे आहे. समजा, कर्ज जीडीपीच्या ५६ टक्के आहे, सरासरी व्याजदर सात टक्के आहे आणि महागाई धरून अर्थव्यवस्था दहा टक्क्यांनी वाढते आहे. व्याज सोडून बाकीचा खर्च सरकारने आपल्या उत्पन्नातूनच भागवला, तर वर्षअखेर हे प्रमाण सुमारे साडेचौपन्न टक्क्यांवर येते. पण व्याजाखेरीजही जीडीपीच्या ०.८ टक्के तूट असेल (२०२५-२६ च्या अंदाजात ती तेवढीच होती), तर प्रमाण ५५.३ टक्क्यांवरच थांबते. आणि वाढीचा वेग दहाऐवजी आठ टक्क्यांवर आला, तर ते कमी होण्याऐवजी ५६ च्या वर सरकते.

पाच वर्षांत सहा टक्क्यांची घट साधायची, तर वर्षाला सरासरी सव्वा टक्क्याच्या आसपास घट हवी. केवळ विकासदराच्या भरवशावर बसून ती होणारी नाही. उरतात तीन मार्ग: कर वाढवणे, खर्च आवरणे किंवा महागाई वाढू देऊन रुपयातल्या कर्जाची किंमत घटवणे. तिसरा मार्ग कोणी उघडपणे निवडत नाही, कारण तो निवृत्तिवेतनावर आणि ठेवींच्या व्याजावर जगणाऱ्यांवर लादलेला छुपा कर असतो. म्हणजे खरी निवड उरते ती कर आणि खर्च यांत.

न्याय्य कर कोणता?

करन्यायाची दोन तत्त्वे अर्थशास्त्रात सर्वमान्य आहेत. समान ऐपत असलेल्यांनी समान कर भरावा, हे पहिले. अधिक ऐपत असलेल्याने उत्पन्नाचा अधिक वाटा द्यावा, हे दुसरे. प्राप्तिकरासारखे प्रत्यक्ष कर दुसरे तत्त्व पाळू शकतात. विक्रीवरील अप्रत्यक्ष करांना ते जमत नाही, कारण दुकानदार ग्राहकाचे उत्पन्न विचारत नाही. कमावलेला सगळा पैसा खर्चावा लागणाऱ्या कुटुंबाच्या संपूर्ण उत्पन्नावर हा कर पडतो. निम्मे उत्पन्न शिल्लक टाकणाऱ्याच्या निम्म्यावरच.

या कसोटीवर गेल्या तीन-साडेतीन दशकांचा इतिहास बोलका आहे. १९९०-९१ मध्ये केंद्राच्या एकूण करांत प्रत्यक्ष करांचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास होता. राजकोषीय उत्तरदायित्व कायदा २००३ मध्ये संमत झाला आणि २००४ मध्ये लागू झाला. त्यानंतर वेगवान विकास आणि प्रत्यक्ष करांची जोमदार वसुली यांच्या बळावर २००७-०८ पर्यंत तूट जीडीपीच्या अडीच टक्क्यांच्या आसपास आली. त्याच वर्षी प्रत्यक्ष करांनी अप्रत्यक्ष करांना मागे टाकले. तूट सर्वाधिक आटोक्यात आली, त्याच काळात करांची घडीही अधिक न्याय्य झाली होती. करन्याय आणि वित्तीय शिस्त परस्परांच्या आड येत नाहीत, याचा हा आपल्याच देशातला दाखला आहे.

उलट दिशेचा दाखलाही फार जुना नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये, सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी मूळ करदर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणण्यात आला. यात वर्षाला १.४५ लाख कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. पाठोपाठ करोनाची साथ आली आणि २०२०-२१ मध्ये तूट जीडीपीच्या नऊ टक्क्यांपलीकडे गेली. मे २०२० मध्ये जागतिक बाजारात खनिज तेलाचे भाव कोसळलेले असताना केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरमागे १० रुपयांनी आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढवले. केंद्रीय उत्पादन शुल्काची वसुली २०१९-२० मधील सुमारे २.४० लाख कोटींवरून पुढच्या वर्षी सुमारे ३.९० लाख कोटींवर गेली. कंपनी कराची वसुली त्याच काळात सुमारे ५.५७ लाख कोटींवरून ४.५७ लाख कोटींच्या घरात उतरली. साथीमुळे नफा घटला होता, हे खरेच. पण संकटाच्या वर्षातला भार मोटारसायकलवरून घरोघरी माल पोचवणारा तरुण आणि आलिशान मोटारीचा मालक यांच्यावर लिटरला एकाच दराने पडला, हेही खरे. शिवाय ही शुल्कवाढ उपकर आणि विशेष शुल्काच्या रूपात असल्याने तिच्यात राज्यांना वाटा नव्हता. पुढे २०२१ आणि २०२२ मध्ये हे शुल्क टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आले.

त्यानंतर प्रत्यक्ष करांचा वाटा पुन्हा वाढला. २०२५-२६ च्या अंदाजात तो ५९ टक्क्यांच्या आसपास होता. आतली घडी मात्र बदलली आहे. २०१८-१९ मध्ये कंपनी कराचे उत्पन्न ६.६३ लाख कोटी, तर व्यक्तींच्या प्राप्तिकराचे ४.७३ लाख कोटी होते. २०२५-२६ च्या अंदाजात कंपनी कर १०.८२ लाख कोटी आणि प्राप्तिकर १४.३८ लाख कोटी. कंपन्या पुढे आणि माणसे मागे, हा क्रम उलटला आहे. कमी दरामुळे गुंतवणूक येते, रोजगार वाढतात आणि शेजारी देशांशी स्पर्धा करता येते, ही दरकपातीच्या समर्थकांची बाजू आहे. ती तपासायची, तर सूट किती दिली आणि तिच्या बदल्यात गुंतवणूक किती आली, याचा हिशेब संसदेने नियमितपणे मागायला हवा.

व्यक्तींच्या करातही समान ऐपतीला समान कर आहेच, असे नाही. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी वर्षाला ४० लाख रुपये पगार घेणाऱ्याला उपकर सोडून सुमारे साडेसात लाख रुपये प्राप्तिकर लागतो. एक वर्षाहून अधिक काळ ठेवलेले शेअर विकून तेवढाच नफा मिळवणाऱ्याला, अन्य उत्पन्न नसेल तर, पाच लाखांहूनही कमी. कारण सव्वा लाखावरील दीर्घकालीन नफ्यावर दर साडेबारा टक्केच आहे. शेअरमध्ये जोखीम असते आणि कंपनीने आधीच कर भरलेला असतो, हे उत्तर दिले जाते आणि त्यात तथ्य आहे. तरी दोघांतील अंतर एवढे असावे का, हा प्रश्न उरतो. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने रद्द झाला, वारसा संपत्तीवरील 'इस्टेट ड्युटी' १९८५ मध्येच. दोन्हींची वसुली किरकोळ होती. पण त्यामागे दर आणि अंमलबजावणी सदोष होती की तत्त्वच चुकीचे होते, यावर पुरेशी चर्चा झालेली नाही.

खर्चाची कात्री कोठे चालते?

केवळ श्रीमंतांवर कर वाढवून प्रश्न सुटेल, हाही भ्रमच. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. त्यातून तिजोरी भरली नाही. करचुकवेगिरीला आणि काळ्या पैशाला मात्र खतपाणी मिळाले. करदात्याला भरलेला पैसा कारणी लागताना दिसला पाहिजे. त्यामुळे खर्चाकडेही तितक्याच काटेकोरपणे पाहावे लागते.

व्याज, निवृत्तिवेतन आणि पगार हे खर्च सरकारला टाळता येत नाहीत. अन्न, खते आणि स्वयंपाकाचा गॅस यांच्या अनुदानांसाठी २०२५-२६ मध्ये सुमारे ३.८३ लाख कोटींची तरतूद होती. त्यांतील अन्नावरचे दोन लाख कोटी सुमारे ८१ कोटी लोकांच्या मोफत धान्याशी निगडित आहेत. तेथे कात्री लावणे म्हणजे गरिबाच्या ताटात हात घालणे. खतांचे अनुदान मात्र पोत्यागणिक मिळते. ज्याची जमीन आणि पाणी अधिक, त्याला अनुदानही अधिक. कोरडवाहू शेतकऱ्याच्या वाट्याला थोडेच. म्हणजे न्यायाचा प्रश्न कर घेतानाच नव्हे, खर्च करतानाही उभा राहतो.

आजवरचा अनुभव असा, की तंगीच्या काळात कात्री चालते ती भांडवली खर्चावर. न बांधलेला पूल मोर्चा काढत नाही. १९९१ नंतरच्या काटकसरीत हेच घडले. अलीकडच्या काळात केंद्राने ही चूक टाळली, याची नोंद घ्यायला हवी. २०१९-२० मध्ये ३.३६ लाख कोटींच्या आसपास असलेला भांडवली खर्च २०२५-२६ च्या अंदाजात तिपटीहून अधिक होता. ऋण काढून सण करणे वेगळे आणि ऋण काढून विहीर खोदणे वेगळे. अर्थात विहिरीला पाणी लागले पाहिजे. कर्जाऊ पैशातून बांधलेला रस्ता वाहतुकीविना पडून राहिला, तर तोही सणच ठरतो.

महाराष्ट्राने घालून दिलेला धडा

कर आणि खर्च यांची उघड सांगड कशी घालता येते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सत्तरच्या दशकातील दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आकाराला आली. तिच्यासाठी पैसा उभा करताना १९७५ मध्ये व्यवसाय कर लावण्यात आला. मुंबई-पुण्यातल्या चाकरमान्याच्या पगारातून कपात व्हावी आणि त्यातून मराठवाड्यातल्या मजुराला काम मिळावे, असा हा करार होता. खर्च कोणता, कशासाठी आणि पैसा कोणाकडून, ही तिन्ही उत्तरे कायद्यात होती. देशव्यापी रोजगार हमी कायदा २००५ मध्ये झाला, तेव्हा हाच अनुभव पायाभूत ठरला.

याच कराची पुढची कहाणी मात्र वेगळा धडा देते. राज्यघटनेने व्यवसाय कराची कमाल मर्यादा १९८८ मध्ये वर्षाला अडीच हजार रुपये केली आणि ती पुढे २०२५ पर्यंत तशीच राहिली. परिणामी, महिना अकरा हजार मिळवणारा पुरुष कामगार आणि महिना अकरा लाख घेणारा अधिकारी दोघेही वर्षाला सारखाच अडीच हजार कर भरत आले. न्याय्य हेतूने लावलेला करही वेळोवेळी दुरुस्त केला नाही, तर अन्याय्य होऊन बसतो.

राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपये आणि एकूण कर्ज ९.३२ लाख कोटींच्या आसपास दाखवले होते. महसुली तूट म्हणजे दैनंदिन खर्चासाठीही उसनवारी. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेसाठी त्या वर्षी ३६ हजार कोटींची तरतूद होती. अल्प उत्पन्नाच्या घरातील स्त्रीच्या हाती दरमहा दीड हजार रुपये पडणे, हे तिच्यासाठी लहान गोष्ट नाही. प्रश्न मदतीच्या हेतूचा नाही. रोजगार हमीसाठी जसा निश्चित स्रोत ठरवला गेला, तसा या योजनेसाठी ठरवलेला नाही, हा आहे. स्रोताविना दिलेली मदत तूट वाढवते. तूट व्याज वाढवते. आणि ते व्याज भागवणाऱ्या करांत तीच लाभार्थी बहीण दुकानातल्या प्रत्येक खरेदीबरोबर आपला वाटा भरते.

आकड्यांपलीकडे

२०१८ मध्ये दुरुस्त केलेल्या राजकोषीय कायद्याने २०२४-२५ अखेर केंद्राचे कर्ज जीडीपीच्या ४० टक्क्यांवर आणण्याचे लक्ष्य ठेवले होते. साथीने ते पार उधळले गेले आणि आता नवे लक्ष्य २०३१ चे आहे. लक्ष्य गाठले जाईल की नाही, हे पुढे दिसेलच. तोवर दर अर्थसंकल्पाच्या दिवशी करदात्याने पाहाव्यात अशा काही गोष्टी आहेत. तूट कमी झाली असेल, तर ती कर वाढून की भांडवली खर्च कापून? कर वाढला असेल, तर तो उत्पन्नावर की उपभोगावर? सवलत दिली असेल, तर तिची किंमत कागदोपत्री मांडली आहे का? आणि नवी योजना आली असेल, तर तिच्यासमोर पैशाचा स्रोत लिहिला आहे का?

ही उत्तरे अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांतच असतात. करसवलतींमुळे बुडणाऱ्या महसुलाचे विवरणपत्र २००६-०७ पासून दरवर्षी अर्थसंकल्पासोबत प्रसिद्ध होते. पण भाषणावरील टाळ्यांच्या गजरात ते क्वचितच कोणी उघडते. सरकार कर्ज फेडते ते आपल्याच पैशाने. तेव्हा तो पैसा कोणाच्या खिशातून, किती आणि कशासाठी जाणार, हे विचारण्याचा पहिला हक्क आपलाच आहे.